कासवाच्या पाठीवरचं गाणं

माणसं रानात नुकतीच सहलीला येऊ लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. झुबकी नावाच्या खारीला जांभळीखाली आगपेटीएवढी एक डबी सापडली. तिच्यावर पंजा पडला मात्र, आतून ढोलकी कडाडली! झुबकी दोन हात उडाली, परत आली आणि नाचायलाच लागली.

तेव्हापासून ती फांदीवर बसून डबी कानाशी धरायची आणि एकटीच नाचायची. साळुंकी म्हणायची, "आम्हालाही ऐकव की गं!"

"आणि वाजून वाजून गाणं संपलं म्हणजे?" असं म्हणून झुबकी डबी बंद करायची. हळूहळू तिच्याकडे कुणी फिरकेनासं झालं.

म्हातारं कासव मात्र रोज झाडाखाली येऊन बसे. एकदा झुबकी तणतणत खाली उतरली. "आजोबा, चोरून ऐकता होय माझं गाणं?"

कासवाने तिचा चेहरा न्याहाळला. "रागावलीस का पोरी? मला काही ऐकू येत नाही गं. तू नाचतेस ना, ते बघायला येतो."

झुबकी वरमली. तिने डबी कासवाच्या पाठीवर ठेवली आणि होता नव्हता तेवढा आवाज वाढवला.

कासव दचकलं. त्याची मान सर्रकन आत गेली आणि लगेच बाहेर आली. "अगं, माझ्या हाडांत ढोलकी वाजतेय! कळतंय गं मला गाणं!" आणि ते पाय आपटू लागलं.

साळुंकीने वरून भीत भीत विचारलं, "आम्ही येऊ का?"

"लवकर या गं सगळ्याजणी!" झुबकी ओरडली. "आजोबांनी ठेका धरलाय!"