घाण्याचा बैल खळ्यावर

गावोगावचे तेलाचे घाणे बंद पडत होते, त्या काळची गोष्ट. घाण्याचा चांद्या बैल बिनकामाचा झाला. त्याला नांगराला जुंपलं, तर गोल फिरायच्या सवयीने नांगराची रेघ वाकडी गेली. आता आपल्याला कोण ठेवून घेणार, या काळजीने त्याने चारा सोडला.

म्हाताऱ्या मैना गाईने त्याला खळ्यावर, मळणीला नेलं. तिथे गोलच फिरायचं होतं. चांद्या छान फिरू लागला, पण डोळे मिटून.

"डोळे का मिटलेस रे?"

"घाण्यावर झापडं असायची, मावशी."

"इथे नाहीत. उघड."

चांद्याने डोळे उघडले. त्याच्या खुरांखाली कणसांतून ज्वारीचे टपोरे दाणे सुटत होते. आपल्या फिरण्यातून काय निघतं, हे तो जन्मात पहिल्यांदाच बघत होता.

संध्याकाळी मळणी थांबली. चांद्या हळूच म्हणाला, "मावशी, अजून एक फेरी मारू या का?"