चौथा पाहुणा

एका तालुक्याच्या गावी एक दूध संघ होता. संघात एकच थोरला संगणक, पण त्याच्या पोटात आणखी तीन संगणक नांदत. ते दिसायचे नाहीत, नुसती कामं करायचे. एक पगार काढी, दुसरा पशुखाद्याचा साठा सांभाळी आणि तिसरा सकाळी येणाऱ्या दुधाची मापं घेई. थोरला तो यजमान, पोटातले ते पाहुणे. या गोतावळ्याची देखभाल दिगंबरकडे होती. दिगंबर हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पुढे दुधाचा पाहुणा ऐन गर्दीत मान टाकू लागला. मापं अडायची, बाहेर कॅन घेऊन माणसं ताटकळायची. शेवटी अध्यक्ष वत्सलाताई वैतागल्या. “प्रोग्रामच कुचकामी आहे. रेवती, तुझं काम आजपासून बंद!”

दुधाच्या मापांचा तो प्रोग्राम रेवतीने लिहिला होता. तिचं ते पहिलंच मोठं काम. ती दिगंबरकडे गेली.

“दिगंबरदादा, जाण्याआधी माझं चुकलं काय, एवढं तरी बघून सांगा,” ती म्हणाली.

दिगंबरने पगाराचा पाहुणा बंद करून पाहिलं. दुधाचा कोसळलाच. खाद्याचाही बंद केला, तरी तेच. आता हात झटकून तो उठणार, तोच त्याला आठवलं की पोटात आणखी एक पाहुणा आहे. तो त्याने स्वतःच बुद्धिबळ खेळायला गुपचूप वसवला होता. त्याच्यापायी थोरल्याकडे होती त्याहून जास्त मेमरी, म्हणजे कामाला लागणारी जागा, दिगंबर पाहुण्यांना वाटून बसला होता. आपलाच म्हणून त्याचा कधी संशयच आला नव्हता.

त्याने तो चौथा बंद केला आणि बाकीचे सगळे सुरू केले. मापं धडाधड होऊ लागली.

गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण दारात रेवती पिशवी आवरत होती. दिगंबरला स्वतःचीच लाज वाटली. तो तडक वत्सलाताईंकडे गेला.

“ताई, प्रोग्राम चांगला आहे. माझ्या बुद्धिबळाने दुधाची जागा खाल्ली.”

ताईंनी विचारलं, “निदान जिंकत तरी होतास का?”

“नाही, ताई.”

ताईंना हसू आवरेना. त्यांनी रेवतीला हाक मारली, “पिशवी ठेव गं खाली. आणि तू रे, तिची माफी माग.”

दिगंबरने ती मागितली, अगदी मनापासून. त्या दिवशी त्याला जेवण फार गोड लागलं.

तात्पर्य: दोष शोधताना आपलं म्हणून काही वगळू नये; आणि तो आपल्यातच सापडला, तर दुसऱ्याच्या माथी मारू नये.