तीन पायांची एकडोळी

फार मागची, कॅमेरे अजून पाट्या-वरवंट्याएवढे जड होते तेव्हाची गोष्ट. माळावरच्या चिंचेच्या ढोलीत एक पिंगळी, म्हणजे छोटीशी घुबडीण, राहायची. तिची दोन पिल्लं उडून समोरच्या बाभळीवर जाऊन बसली होती. धाकटा बारक्या मात्र ढोलीच्या तोंडाशीच अडून होता, आणि आईने तर ढोलीत खाऊ आणणं कालपासून बंद केलं होतं.

चिंचेखाली नारबा फोटोवाल्याने तिपाईवर कॅमेरा मांडला होता. पिल्लाची पहिली उडी टिपायची म्हणून तो सकाळपासून ताटकळत होता. बारक्याला वाटलं, ही कुणी तीन पायांची, एकडोळी घुबडीण आहे.

"आई, ती टक लावून बघतेय. मी पडलो तर हसेल."

"हसायला तोंड कुठंय तिला?" बाभळीवरून आई म्हणाली. तिच्या पंजात नाकतोडा होता. "तीन पाय असून सकाळपासून एक पाऊल हललेली नाही. मला वाटतं, तिलाच उडता येत नसेल. तुझं बघून शिकायला बसलीय बिचारी."

बारक्याने मान तिरकी करून खाली पाहिलं. भूक तर लागलीच होती, आता तिची कीवही आली. त्याने डोळे मिटून उडी टाकली.

उडी कसली, कोलांटीच ती. फडफडत, धडपडत तो थेट कॅमेऱ्यावरच येऊन बसला. नारबाचं बोट बटणावर तसंच राहिलं.

बारक्याने वाकून त्या काचेच्या डोळ्यात पाहिलं.

"बघितलंस ना मावशी? काही अवघड नाही," तो म्हणाला. "चल, आता तू उड. मी नाही हसणार."