खोडींची पाटी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मथुरेनं आपल्या काजळ घोडीच्या गळ्यात पाटी अडकवली : ‘ताशा ऐकला की उधळते.’ वडील गेल्यावर काजळला विकणं भाग होतं. पण ती वरातीत चाबूक खायला जाऊ नये, एवढाच मथुरेचा हट्ट होता.

शेजारच्या तंबूतले जहागीरदार खो-खो हसले. “अगं पोरी, जाहिरातीत कुणी खोड लिहितं का? माझा फलक बघ, नुसते गुण!”

“म्हणूनच सरकार, सकाळपासून येईल तो तुमच्या घोड्याचा जबडा उचकटून खोड शोधतोय. माझ्या घोडीची खोड मीच सांगून टाकली. आता लोकांना गुणच शोधावे लागतात.”

जहागीरदारांचं हसू मावळलं. डोंगरपाड्यांवर औषधं पोचवणारी एक नर्स काजळच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, “आमच्या वाटेवर कुठला आलाय ताशा? दे मला.”