वरवंट्याचं बारसं

एका राज्यात मणिभद्र नावाचा राजा होता. दाता होता, शूर होता, पण दुपारी पोटभर जेवला की गोष्ट ऐकता ऐकता खुशाल घोरायचा. एके दिवशी विकटनाथ नावाचा जादूगार दरबारात गोष्ट सांगू लागला आणि राजा घोरू लागला. जादूगाराच्या अंगाचा तिळपापड झाला.

"राजा, तुझी कन्या पायांपासून दगड होत जाईल. साऱ्या राज्याला पाठ असलेली गोष्ट ऐकताना तिने आपणहून 'मग?' विचारलं, तरच सुटेल. गोष्टी तीनच."

एवढं बोलून, आपली बोलकी साळुंकी पहाऱ्याला ठेवून, तो वाऱ्यावर बसून निघून गेला.

राजकन्या कुंदप्रभेला झाडून साऱ्या गोष्टी तोंडपाठ. तिची पावलं दगडाची झाली, तशी राजाने सारजा कथेकरणीला पाचारण केलं. काय वर्णावी त्या बाईची वाणी! ती बोलू लागली की बाया हातातल्या अक्षता वाहायच्या विसरत. राजा मात्र लेकीच्या महालात पाऊल टाकीना. दाराबाहेर उभा राही आणि परत जाई.

पहिल्या दिवशी सारजेने पोपटात जीव ठेवणाऱ्या राक्षसाची गोष्ट निवडली. समुद्र असा सांगितला की दासींचे पदर ओले झाले.

"पोपटाची मान मुरगळली, राक्षस मेला," कुंदप्रभा म्हणाली.

"गुडघ्यापर्यंत," साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माकडाशी लग्न लागलेल्या मुलीची गोष्ट निवडली. महालात सनई ऐकू आली.

"कातडं जाळलं, आतून राजपुत्र निघाला."

"कमरेपर्यंत."

सारजेने त्या दिवशी गोष्टींचा विचार सोडून मुलीकडे नीट पाहिलं. कुंदप्रभा दगडी गुडघ्यांवर शाल ओढून घेत होती. तेवढ्यावरून सारजेने तिसरी गोष्ट ठरवली.

तिसऱ्या दिवशी तिने नावडत्या राणीची गोष्ट काढली. दासी कुजबुजल्या, "अगबाई, ही तर शेंबड्या पोरालाही येते!"

"नावडतीला मूल झालं. आवडतीने सुईण फितवली, मूल नदीत सोडलं, नावडतीच्या कुशीत वरवंटा ठेवला."

"राजाने तिला हाकललं. मूल कोळ्याघरी वाढलं," कुंदप्रभा म्हणाली. साळुंकीने चोच उघडली.

"खरं आहे, राजकन्ये. पण जाताना नावडतीने वरवंटा बरोबर नेला. रानात झोळी बांधली. त्याला न्हाऊ घातलं, काजळाची तीट लावली, बारसं मांडलं. आत्या कुठली असायला! कानही नव्हता. जिथे असता, तिथे आपणच कुर्र केलं."

"दगडाला? लोक हसले नाहीत?"

"हसले."

कुंदप्रभेने सारजेकडे मान वळवली. "मग?"

साळुंकी मुकाट्याने खिडकीतून उडून गेली.

"मग थंडी पडली," सारजा म्हणाली, "आणि तिने वरवंटा पदराखाली घेतला."

दाराबाहेर हुंदका फुटला. राजा आत धावला, जमिनीवर बसला आणि त्याने लेकीची गारढोण पावलं मांडीवर घेतली.

"बाळ, मला बघवत नव्हतं, म्हणून तुला एकटं टाकलं. चुकलो मी."

तो पावलं चोळू लागला. आधी अंगठा कोमट झाला, मग टाच. राजा थांबेना.

"पुरे, बाबा," कुंदप्रभा म्हणाली, "गुदगुल्या होतात!"

ती हसली ते साऱ्या नगराने ऐकलं. आपल्याही घरोघरी असंच हसू ऐकू येवो.