अकरा खुणांचं मशीन

“आता या मशीनमध्ये जुनं काय राहिलंय, तुम्हीच सांगा उस्ताद.”

महावीर चौगुले कमरेवर हात ठेवून उभा होता. उदगावात घराच्या मागच्या अंगाला त्यानं पत्र्याची शेड मारली होती आणि शेडच्या मधोमध ते वेल्डिंगचं मशीन ठेवलं होतं.

दस्तगीर उस्ताद मशीन न्याहाळत राहिले. मिरजेत चाळीस वर्षं जळक्या मोटारी आणि वेल्डिंग मशीन दुरुस्त करणारा हा माणूस. महावीर आयटीआयमधून बाहेर पडला तेव्हा सहा महिने त्यांच्याच दुकानात शिकायला होता. गुडघे गेल्यापासून उस्ताद स्वतः गाडी चालवत नाहीत, म्हणून त्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. यात माझा काही मोठेपणा नाही. मी उदगावचाच, माझ्या विहिरीवरची जळलेली मोटर त्यांच्याकडे पडून होती आणि त्यांना नाही म्हणायची माझी सोय नव्हती.

मग महावीरनंच सांगायला घेतलं. मशीन गावातल्याच दिनकर लोहारांचं. ते वारले, दोन वर्षं मशीन पोत्याखाली पडून राहिलं, मग त्यांच्या बायकोनं ते विकलं. महावीरनं आणलं तेव्हा त्याच्यावर गंजाचा थर होता. त्यानं सगळी बॉडी घासली, खड्ड्यांत पुट्टीसारखी लांबी भरली, वर गाड्यांना मारतात तसला निळा रंग दोन हात दिला. चाकं नवी, केबल नवी, होल्डर नवा. करंटचे आकडे दाखवणारी पट्टीसुद्धा नवी. तीन आठवडे तो त्याच्यामागे खपला होता, आणि खोटं कशाला बोलू, मशीन नुकतंच खोक्यातून काढल्यासारखं दिसत होतं.

दर्शनी बाजूला त्यानं खडूनं दोन रेघा आखून ठेवल्या होत्या. तिथं ‘चौगुले फॅब्रिकेशन’ असं नाव यायचं होतं.

“नाव घालायला पेंटरला बोलवू ना?”

“आधी चालव की,” उस्ताद म्हणाले.

महावीरचे हात कमरेवरून खाली आले.

दुखणं नेमकं तिथंच होतं. नऊ वर्षं तो मस्कतला होता. तिथं तेलाच्या पाइपांचे जोड मारायचा, आणि त्याच्या जोडाचा एक्स-रे काढला तरी आत खोट सापडायची नाही. गेल्या दिवाळीत तो घरी आला आणि त्याची मुलगी त्याला बघून आजीच्या पदराआड लपली. त्यानं त्याच दिवशी ठरवलं, आता जायचं नाही. ही शेड, हे मशीन त्यासाठीच. पहिलं काम मिळालं ते गावच्या शाळेच्या बाकांचं. पातळ चौकोनी पाइपांचे सांगाडे, सोमवारपर्यंत द्यायचे. चार सांगाडे त्यानं मारले आणि चारही वाया गेले. काम दुसरीकडं गेलं तर गावात पहिलंच नाव खराब होणार होतं, आणि मस्कतचा एजंट रोज फोन करत होता.

त्यानं बटण दाबलं. मशीन घुमू लागलं. नव्या पट्टीवर बघून त्यानं हँडल फिरवलं, काळी काच तोंडापुढं धरली, रॉड टेकवला.

पाइपाला भोक पडलं.

हँडल उलटं फिरवून त्यानं करंट कमी केला. आता रॉड चिकटून बसला. तो ओढून काढताना महावीर घामाघूम झाला.

“बघितलंत? आतलं वायंडिंग गेलंय. सगळं उपसून नवीन भरून द्या.”

उस्तादांनी मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

“वायंडिंगला काय झालेलं न्हाई. रंगाच्या आधी तू माझ्याकडं आणलंस तवा बघून, वार्निश देऊनच परत केलंय. तांब्याचं हाय. असलं आता कोण करतंय?”

“मग बिघडलंय काय?”

उस्तादांनी खिशातून किल्ली काढली आणि हँडलच्या बुडाशी नवा निळा रंग खरवडायला लागले.

महावीर पुढं धावला. तीन आठवड्यांचं काम होतं ते. पण उस्तादांचा हात धरायची त्याची हिंमत झाली नाही. रंग गेला, खालची लांबी भुगा होऊन पडली, आणि पत्र्यात ठोकलेला एक बारीक ठिपका दिसला. त्याच्या शेजारी दुसरा.

“हे काय हाय?” उस्तादांनी विचारलं.

“कुणीतरी हातोडी मारलेली असणार. मी भरून घेतलं.”

“एवढ्या ओळीत हातोडी मारली?”

महावीरनं किल्ली हातात घेतली आणि पुढचा रंग स्वतःच खरवडला. हँडलभोवती अर्धगोलात अकरा ठिपके निघाले. मग त्याच्या ध्यानात आलं. जुन्या मशीनची पट्टी सांगते एक आणि मशीन देतं दुसरंच. कुठल्या जाडीला हँडल कुठं ठेवायचं, याच्या त्या लोहारांच्या खुणा होत्या. वीस वर्षांचा अंदाज होता तो, आणि यानं चांगलं दिसावं म्हणून त्यात लांबी भरली होती.

त्याला हायसं वाटलं. चला, सापडलं. त्यानं एकेका ठिपक्यावर हँडल आणून बघितलं. तिसऱ्यावर रॉड चिकटला. चौथ्यावर भोक पडलं. लोहारांच्या घरी विजेचा पुरा दाब होता आणि महावीरची शेड पडली लाइनच्या शेवटच्या खांबावर, तिथं दाब कमी. तिथल्या खुणा इथं लागू पडेनात.

तोही पाइप वाया गेल्यावर तो खाली लोखंडाच्या तुकड्यांतच बसला. मला त्याची फार कीव आली. परीक्षेला पुस्तक मिळावं आणि ते दुसऱ्याच विषयाचं निघावं, तशी त्याची गत झाली होती.

उस्तादांनी विचारलं, “मशीन उचललंस त्या दिवशी वहिनी काय म्हणाल्या?”

“कोण वहिनी?”

“शालनवहिनी. दिनकररावांच्या घरातनं.”

महावीरनं आठवून बघितलं. शालनकाकींनी मशीनला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. एवढं त्याला आठवत होतं.

“मग?”

“काहीतरी सांगत होत्या... टेंपो चालू होता. ड्रायव्हर घाई करत होता. मी म्हटलं, काकी, नऊ वर्षं मस्कतला हेच केलंय, मला सांगायला नको.”

“मग?”

“मग गप्प बसल्या.”

शेडमध्ये फक्त मशीनचं घुमणं चालू होतं. महावीरची मान आपोआप खाली गेली. जरा वेळानं तो उठला आणि मोटरसायकल काढून गेला.

परत आला तो चालत. मोटरसायकल हातानं ढकलत आणि शेजारी शालनकाकी. काकी जन्मात मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या आणि आजही बसायला तयार नव्हत्या, म्हणून हा मस्कतरिटर्न अख्ख्या गावातून गाडी ढकलत आला होता. मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

काकींनी निळं मशीन बघितलं. खरवडलेली जागा बघितली. कशालाच नावं ठेवली नाहीत. “बरं दिसतंय,” एवढंच म्हणाल्या.

महावीर वही-पेन घेऊन तयार होता. पहिली खूण कशाची, दुसरी कशाची, सगळं लिहून घेणार होता आणि मग दाबाचा फरक हिशोबात धरणार होता. त्याचं बोलणं काकींनी नीट ऐकून घेतलं.

“त्या खुणा मीच ठोकल्या रे,” त्या म्हणाल्या, “पन यांच्यासाठी. ग्राइंडरनं यांचे कान गेलेले, आवाजावरनं अंदाज लागंना. मी म्हायेरी गेले तर काम अडू ने म्हनून.”

“आणि एरवी?”

“एरवी हँडल माझ्याकडंच की. हे काच धरून बसायचे, मी लावून द्यायची.”

वीस वर्षं. गावातल्या निम्म्या घरांची दारं, खिडक्या, पाण्याच्या टाक्यांचे मांडव दिनकर लोहारांनी केले, असं आम्ही समजत होतो. माझ्या घराचं फाटकही त्यांचंच. त्यात या बाईचा हात आहे हे मला त्या दिवशी, वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

“मग तुम्ही कशावरनं लावायचा, काकी?”

काकींना या प्रश्नाचं नवल वाटलं. “मशीन घुमतंय ते हाताला लागतंय की,” त्या म्हणाल्या.

त्यांनी डावा तळवा मशीनच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्या हातानं हँडल धरलं. डोळे मिटले. हँडल थोडं फिरवलं, थांबल्या. आणखी थोडं फिरवलं. मग मागं घेतलं, अगदी बोटभर. दोन ठिपक्यांच्या मधेच कुठंतरी ते थांबलं.

“मार आता.”

महावीरनं काच धरली. या खेपेला आवाजच निराळा आला, तव्यावर काहीतरी बारीक तळावं तसा, एकसारखा. त्यानं रॉड उचलला, काच बाजूला केली आणि हातोडीनं वरचा पोपडा उडवला. खाली जोड सरळ, भरीव. कुठं भोक नाही, कुठं फुगवटा नाही.

काकींनी पदर डोळ्यांना लावला.

“दोन वर्सं घर लई गप होतं,” त्या म्हणाल्या. “हा आवाज कवा ऐकला न्हवता.”

महावीरनं वही ठेवून दिली. त्यानं स्वतःचा हात मशीनवर ठेवला. काकींनी आपला तळवा त्याच्या हातावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं हँडल हळूहळू फिरवलं.

“कळलं?”

महावीरनं उस्तादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. नऊ वर्षांची मस्कत त्याच्या तोंडावर आली होती. ती त्यानं गिळली.

“नाही कळलं, काकी.”

“खरं बोललास. आता कळंल.”

मग त्यांनी काम धरलं. काकी स्टुलावर बसून हँडल लावत होत्या, महावीर मारत होता. पाइप बदलला की तो आधी आपला हात ठेवायचा, आपला अंदाज सांगायचा, आणि काकी नकारार्थी मान हलवायच्या. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. तिसऱ्या प्रहरी एकदा त्याचा अंदाज ऐकून त्यांनी मान हलवलीच नाही. नुसतं “हं” म्हणाल्या. माणूस एवढ्याशा हुंकारावर इतका खूश झालेला मी बघितला नव्हता.

ऊन उतरायच्या आत सहा सांगाडे भिंतीला टेकून उभे राहिले. राहिलेले उद्या होण्यासारखे होते. सोमवार आता लांब वाटत होता. महावीरची मुलगी चहाचे कप घेऊन दाराशी आली आणि आत यायचं सोडून बापाकडं बघत उभी राहिली. या खेपेला ती लपली नाही. मला त्या दिवशी सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटले. माझ्या फाटकाचे, माझ्या जळलेल्या मोटरचेसुद्धा.

महावीरनं हातमोजे काढले आणि वाकून काकींच्या पायांवर डोकं ठेवलं. मग बोलायला लागला तो थांबेचना. काकी, तुम्ही नसता तर सोमवारी मी विमानात असतो. काकी, तुमचे उपकार कसे फेडू. रोज या, नुसत्या बसून राहा, चहा माझा, जेवण माझं. खडूच्या रेघा त्यानं बाहीनं पुसून टाकल्या. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला, कारण मागं मशीन घुमतच होतं.

“उस्ताद, माझं नाव नको. लोहारांचं घालतो. नाही, काकींचंच घालतो. मोठ्या अक्षरात. तुम्हीच सांगा, कुणाचं घालू?”

काकी मशीनपाशी उभ्या होत्या. हात वर ठेवलेला. त्यांचे ओठ हलत होते.

दस्तगीर उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला.

“आधी मशीन बंद कर. वहिनी कायतरी सांगायलागल्यात.”