खांद्यावरचा पिवळा ठिपका

फार पूर्वी, झाडं बोलायची तेव्हा, एका आंब्याच्या बुंध्यातून भुसा गळू लागला. आंब्याने सुतार पक्ष्याला बोलावून सांगितलं, "हा लांब मिशांचा भुंगेराच मला पोखरतोय."

भुंगेरा गयावया करू लागला. "आजोबा, तुम्हाला पोखरणारा तो माझा भाऊबंद. मी वाळक्या फांदीतच राहतो. माझ्या खांद्यावर पिवळा ठिपका आहे, बघा तरी."

"मिशा दिसल्या, तेवढं पुरे," आंबा म्हणाला. सुताराने भुंगेरा गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीही भुसा गळतच होता. सुताराने साल उचकटली, तर आतून तशाच मिशांचा भुंगेरा निघाला. खांदा मात्र कोरा.

"आजोबा, कालच्याला ठिपका होता का हो?" सुताराने विचारलं.

आंब्याने बघितलंच नव्हतं.

आजही आंब्याला पालवी फुटते ती लाल होऊन, मान खाली घालूनच.